चालु

कुंभार वेशीतून आत वळलं की
एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा ड्रम फिरतो.
रंगाचा वीस लिटरचा डबा, आतून ट्रकच्या ट्यूबचं अस्तर,
खाली दोन रूळ,
आणि मोटर चिप्पांच्या मागाची.
त्यांनी चार माग किलोवर घातले तेव्हा
भंगारवाल्याच्या काट्यावरून मी ती उचलून आणली.
मोटरीला अजून वाटतं, आपण टॉवेलच विणतोय.

पहिली दोन वर्षं आम्ही हातानंच घासायचो.
भट्टीतून निघालेला मणी खरबरीत असतो,
मांजराच्या जिभेसारखा.
पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा आणि बसायचं.
अंबूबाई गज्जम दिवसाला चाळीस करायच्या.
त्याआधी तीस वर्षं विड्या, दिवसाला हजार.
बोटांवरचे अर्धे ठसे तेंदूच्या पानांनी नेले,
उरलेले माझ्या कागदानं.
रेशनच्या दुकानात अंगठा ठेवला की
मशीन लाल व्हायचं.
दुकानदार त्यांचा अंगठा स्वतःच्या शर्टाला पुसायचा,
परत ठेवा, परत ठेवा,
आणि त्या मला येऊन सांगायच्या,
"बाई, तुमचा मणी झाला बघा माझा."

म्हणून ड्रम.

अर्ध्याच्या जरा वर भरायचा.
कमी भरला तर मणी उंचावरून आपटतात, टवके उडतात,
गच्च भरला तर हलतच नाहीत,
वडापच्या जीपमधल्या माणसांसारखे.
मूठभर कुरुंदाची पूड,
मणी बुडतील एवढं पाणी.
पाणी इथं पाचव्या दिवशी येतं,
म्हणून आमचं पॉलिशही पाचव्या दिवशी.
उरलेला गाळ मोरीत ओतायचा नाही
(हे मी मोरी फोडून शिकले).
आवाज सुपात ज्वारी घोळल्यासारखा यावा.
खडखड आली तर काहीतरी चुकलंय.

वेळ मात्र मला कधी कळली नाही.
वेळ अंबूबाईंना कळते.
ताप बघावा तसा
ड्रमवर तळवा ठेवून उभ्या राहतात.

पहिल्याच दिवशी, संध्याकाळी सहाला,
असाच हात ठेवला आणि म्हणाल्या, "चालु."
मी मोहोळची. मला वाटलं, चालू राहू दे.
त्या घरी गेल्या. मी जेवले, झोपले,
ड्रम रात्रभर फिरला.

सकाळी झाकण काढून
राखाडी चिखलात हात घातला
तर मणी माशांसारखे निसटायला लागले.
दोनशे दहा मणी. एकावरही काही नाही.
कडा गेल्या, नखानं ओढलेल्या रेघा गेल्या,
आणि ओल्या मातीत प्रत्येकावर दाबलेला
माझा अंगठा, तीच माझी सही,
तोही गेला.
नऊशे अंशांच्या भट्टीत टिकला होता.

अंबूबाईंनी बघून कपाळाला हात लावला.
"मी चालु म्हटलं होतं की!"
"म्हणून तर चालू ठेवला!"
मग दोघी गप्प.
त्यांच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
जन्मभर मराठी बोलल्या, पण
आकडे, भूक आणि पुरे
अजून तिकडूनच येतात.
आणि ऱ्हस्व की दीर्घ,
मोटरीच्या घरघरीत कुणाला ऐकू येतंय.

मी फेकूनच देणार होते सगळे.
पुण्याच्या एका बाईंनी नेमके तेच उचलले, दीडपट भावानं,
म्हणाल्या, किती शांत आहेत.
त्या शब्दाचा मला अजून राग येतो.
पैसे घेतले.

त्यातला एक अंबूबाईंनी मागून घेतला.
गालावर फिरवून बघितला,
बोटांना आता एवढं बारीक कळत नाही म्हणून,
आणि म्हणाल्या,
"याला काय रेशन मिळायचं नाही."

आता साडेसहा तास, कधी सात.
शेजारचे उरलेसुरले माग खटकत असतात,
त्या हात पुसून ड्रमवर ठेवतात.
"चालु."
मी बटण बंद करते.
आतलं पाणी अजून थोडा वेळ फिरत राहतं.